वसंतात खाडी, नदी की ओढा? एका रविवारी मासा लागतो आणि पुढच्या रविवारी त्याच जागी का लागत नाही?

तुम्ही लिहिलंय की तासाभराच्या अंतरात तुम्हाला एक खाडी, एक मोठी नदी आणि डोंगरातून येणारा एक ओढा आहे. काठावरचं बर्फ जाऊन तीन आठवडे झालेत. दोन रविवारांपूर्वी खाडीवर सकाळी अकरा ते एक छान मासे लागले, तेव्हा पूर्ण ओहोटी पावणेबाराला होती. मागच्या रविवारी तीच जागा, तीच वेळ, तेच आमिष, आणि एकही चावा नाही. ओढ्यावर दोनदा पहाटे जाऊन रिकाम्या हातांनी परतलात. नदी गढूळ दिसली म्हणून तिथे गळ टाकलाच नाही. येत्या रविवारी कुठे जाऊ, असं विचारताय.

खाडीचं कोडं आधी घेतो, कारण ते नुसत्या हिशेबाने सुटतं. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांचे झाले जवळपास 5 तास 50 मिनिटं. म्हणजे पहिल्या रविवारी ज्या वेळी तुम्ही ओहोटीचं तळ गाठलेलं पाणी पाहिलंत, त्याच वेळी पुढच्या रविवारी खाडी काठोकाठ भरलेली होती. जागा तीच होती, पण पाणी अगदी उलटं होतं. पहिल्यांदा सगळे मासे मधल्या खोल चरात गोळा झाले होते आणि भरती सुरू होताच खायला निघाले. दुसऱ्यांदा तेच मासे पसरलेल्या, थांबलेल्या पाण्यात कुठेही होते. चौदा दिवसांनी मात्र चक्र जवळजवळ पुरं होतं, वेळ फक्त पाऊण तास अलीकडे येते. तुमच्या येत्या रविवारी पूर्ण ओहोटी अकराच्या सुमाराला असेल. नेमकी वेळ तिथल्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघून घ्या, कारण वारा आणि हवेचा दाब तीही थोडी हलवतात.

पण वसंतात भरतीपेक्षाही मोठी गोष्ट आहे पाण्याचं तापमान. उन्हाळ्यात मी थर्मामीटर घरी विसरलो तरी चालतं, वसंतात विसरलो तर अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी 4 अंश सेल्सिअसला असेल तर त्याला फार खाण्याची गरजही नसते आणि खाल्लेलं पचायला दिवस लागतात. तो तिथेच असतो, तुमचं आमिष त्याच्या तोंडासमोरून जातं, आणि तो कल्लासुद्धा जोरात हलवत नाही. तेच पाणी 9–10 अंशांवर गेलं की तो जागा सोडून येतो. शिवाय आकड्यापेक्षा तो आकडा कुठल्या दिशेने चाललाय ते महत्त्वाचं. 8 वरून 10 वर चढणारं पाणी मला 12 वरून 10 वर घसरलेल्या पाण्यापेक्षा केव्हाही जास्त आवडतं. लख्ख उन्हाच्या तीन दिवसांनंतर एक थंड रात्र आली की दुसऱ्या दिवशी मासे तोंड मिटून बसतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता अशा दिवशी मी दुपारनंतरच निघतो.

तुमच्या तिन्ही पाण्यांचे वसंत वेगवेगळ्या दिवशी येतात. उथळ ओढा दिवसभरात चार-पाच अंशही वर-खाली होऊ शकतो. नदी आठवडे घेते. खोल खाडीला सगळ्यांत उशीर लागतो, कारण तिच्या मागे अख्खा थंड समुद्र असतो. पण त्याच खाडीचा उथळ, काळ्या चिखलाचा कोपरा ओढ्याहूनही आधी तापतो.

त्या कोपऱ्याबद्दल सांगायलाच हवं. ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो आणि दुपारचं ऊन तासन् तास शोषून घेतो. मग भरतीचं पातळसं पाणी त्यावर चढतं आणि तापतं. पुन्हा ओहोटी लागली की हे कोमट पाणी बारीक चरांमधून खोल भागात उतरतं. एका वसंतात मी अशाच एका चराच्या तोंडाशी उभा होतो. मुख्य प्रवाहात थर्मामीटर 9 दाखवत होता, चरातून येणाऱ्या पाण्यात 12.5. हात घातला तर फरक बोटांना कळत होता. चरातून काड्यांएवढी मासळी आणि पारदर्शक कोळंबीची पिल्लं वाहत येत होती, आणि जिथे कोमट पाणी थंड पाण्याला मिळतं त्या रेषेवर, जेमतेम कमरेएवढ्या पाण्यात, मोठे मासे तोंड वर करून थांबले होते. पन्नास पावलांवर खोल पाण्यात गळ टाकणाऱ्या माणसाला तासाभरात काही लागलं नाही. मी गळ त्या रेषेच्या अलीकडे सोडत होतो आणि प्रवाहाबरोबर वाहू देत होतो, बाकी काही नाही.

म्हणून वसंतात खाडी निवडताना उथळ, चिखलाचा, थंड वाऱ्यापासून आडोसा असलेला कोपरा शोधा. उत्तर गोलार्धात बहुतेकदा तो खाडीच्या उत्तर काठाला सापडतो, कारण दक्षिणेचं ऊन त्याला सरळ मिळतं. दक्षिण गोलार्धात याच्या उलट, आणि तिकडे वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर. वाराही बघा. काठाकडे येणारा वारा पृष्ठभागाचं गरम पाणी तुमच्या पायाशी आणून साचवतो. काठावरून बाहेर जाणारा वारा तेच गरम पाणी ढकलून नेतो आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. दोन दिवस असा वारा वाहिला असेल तर मी त्या काठावर जात नाही.

आणखी एक हिशेब उपयोगी पडेल. सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. मधल्या दोन तासांत, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात, जवळपास निम्मी चढ होते. मासे जोरात खातात ते बहुधा वाहत्या पाण्यात, त्यामुळे अख्खा दिवस नसेल तर हे दोन तास राखून ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हा प्रवाह आणखी जोराचा असतो, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीत मवाळ. वसंतसंपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाच्या, आसपासची उधाणं वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात, तेव्हा जिथे चालत गेलात तिथून परतीची वाट बुडू शकते हे लक्षात ठेवा.

आता ओढा. तिथे तुम्ही पहाटे गेलात ही एकच गोष्ट चुकली. पहाटे मासा लागतो हे उन्हाळ्याचं खरं आहे, तेव्हा पहाट हीच थंड वेळ असते. वसंतात पहाटेचं पाणी चोवीस तासांतलं सर्वांत थंड पाणी असतं. सकाळी अकराच्या आधी मी ओढ्यावर पोचायची घाई करत नाही. बारा ते चार या वेळात तिथे सगळं घडतं. पाणी 10 अंशांच्या आसपास पोचलं की दगडांखाली वर्षभर वाढलेले मेफ्लायसारखे किडे वर येऊन पंख उघडू लागतात आणि ट्राउट मासे त्यांच्यामागे तळ सोडतात. एखादा पसरट दगड उलटून बघा. खाली चपट्या, तीन शेपट्यांच्या अळ्या पळताना दिसल्या आणि त्यांच्या पाठीवरचे पंखांचे कोष काळे पडलेले असले, तर ते किडे आता उडायच्या बेतात आहेत. पाहून झालं की दगड होता तसा ठेवा.

ओढ्यात एक गोम आहे. वर डोंगरात अजून बर्फ असेल तर ऊन पडलं की ते वितळतं आणि ते गार पाणी काही तासांनी खाली पोचतं. बर्फ जवळ असेल तर दुपारीच, लांब असेल तर संध्याकाळी किंवा रात्री. म्हणून अशा ओढ्यावर कधी कधी सर्वांत उबदार दिवशीच दुपारी पाणी अचानक वाढतं, दुधाळ होतं आणि दोन अंश उतरतं. तसं दिसलं की त्या दिवसापुरता ओढा सोडा, किंवा झऱ्याच्या पाण्यावर पोसलेली एखादी शाखा गाठा. जमिनीतून येणारं झऱ्याचं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं असतं, त्यामुळे वसंताच्या सुरुवातीला ते इतर पाण्यापेक्षा गरम आणि उन्हाळ्यात थंड लागतं.

मासे खळाळात नसतात. थंड पाण्यात धारेशी झुंजायला त्यांच्याकडे ताकद नसते. डोहाचा मागचा भाग, वळणाची आतली कड, मोठ्या दगडामागची निवांत जागा, तिथे तळाशी बघा. आमिष हळू जायला हवं, इतकं हळू की तुम्हालाच कंटाळा यावा.

ओढ्यात उतरताना मात्र माझं कळकळीचं सांगणं ऐका. रेनबो ट्राउट वसंतात अंडी घालतात. मादी शेपटीने वाळू-खडी उकरते, त्यामुळे तळाशी आजूबाजूपेक्षा स्वच्छ, फिकट रंगाचा चटईएवढा चट्टा दिसतो. त्या खडीत शेकडो अंडी असतात. ब्राउन ट्राउटची अंडी आदल्या शरदातली, पण त्यांचीही पिल्लं वसंताच्या सुरुवातीला खडीतच दडलेली असतात. एक बूट पडला की संपलं. म्हणून फिकट खडीवर पाय नको, आणि तिथे जोडीने थांबलेल्या माशावर गळ नको. उथळ तळ्यांत आणि संथ नद्यांत पाणी 16 अंशांच्या वर गेलं की लार्जमाउथ बास काठाशी घरटी करतात. घरट्यावरचा नर गळाला लगेच लागतो, कारण तो भुकेने नव्हे तर राखणीपायी धावून येतो. त्याला पाच मिनिटं जरी बाहेर काढलं तरी इतर मासे अंडी फस्त करतात.

नदी गढूळ दिसली म्हणून तुम्ही वळलात, ते तसं बरोबर होतं, पण गढूळ पाणी दोन प्रकारचं असतं. चढणारं गढूळ आणि उतरणारं गढूळ. चढणाऱ्या पाण्यात काटक्या, पालापाचोळा वाहतो, मासे काठाला चिकटतात आणि गरवणं कठीण होतं. पाणी उतरू लागलं, रंग चहावरून हिरवटाकडे वळला की तेच मासे भुकेलेले आणि अजूनही काठाजवळच असतात. माझी साधी खूण आहे: सोबत कुणी असताना गुडघाभर पाण्यात उभं राहून आपल्या बुटाचं टोक अंधुक दिसलं की गळ टाकायचा. घरबसल्या कळायचं तर नदीच्या पातळीचा आलेख बघा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने पहिलं प्रवाहमापन केंद्र 1889 साली न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदेवर एम्बुडो इथे उभारलं. आज अनेक देशांत हजारो ठिकाणांची पातळी इंटरनेटवर दर थोड्या मिनिटांनी दिसते. आलेखाचं शिखर ओलांडून रेघ खाली येत असेल, तो दिवस नदीचा. वर धरण असेल तर पाणी सोडायच्या वेळा आधी बघून ठेवा आणि भोंगा ऐकू आला की काठावर या, आमिषाचा डबा राहिला तरी राहू द्या.

वसंतात नदीला चढणीचे मासेही येतात. समुद्रातून शॅड आणि स्ट्राइप्ड बास गोड्या पाण्यात चढतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या आणि हडसन नदी ही स्ट्राइप्ड बासची मोठी जन्मस्थानं, आणि पाणी साधारण 15 ते 20 अंशांत असताना ते अंडी घालतात. अशा भागांत अनेकदा त्या काळापुरती बंदी असते. तुमच्या पाण्याला कोणता नियम लागू आहे, हंगाम कधी उघडतो, किती लांबीचा मासा ठेवता येतो, हे दर वर्षी नव्याने वाचा. मागच्या वर्षीचं यंदा चालेलच असं नाही.

एक गोष्ट भीती घालण्यासाठी नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. हवा 20 अंश आणि पाणी 8 अंश, हा वसंताचा सर्वांत धोकादायक मेळ आहे. एकदा अशाच दिवशी नदीत पाय घसरून मी छातीपर्यंत आत गेलो. पहिल्या क्षणी श्वास आपोआप खेचला गेला, तोंड पाण्याखाली असतं तर ते पाणी फुप्फुसात गेलं असतं. मिनिटाभराने श्वास ताब्यात आला. पण काठावर येऊन ओला शर्ट काढायला गेलो तर बोटांना बटण धरता येईना. लाइफ जॅकेट घाला, वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घातलात तर कमरेला पट्टा आवळा, आणि गाडीत कोरडे कपडे ठेवा. एकटे जात असाल तर घोट्यापेक्षा खोल पाण्यात उतरू नका.

आता तुमचा रविवार. शनिवारी रात्री नदीचा आलेख बघा. पाणी दोन दिवस उतरतंय आणि रात्र फार थंड नाही, असं असेल तर सकाळी दहाला नदीवर जा, काठापासून दोन-तीन हातांवर तळाशी आमिष ठेवा. पाणी चढत असेल तर सरळ खाडी. अकराच्या ओहोटीला मधल्या चराशी उभे राहा आणि भरती लागली की पहिले दोन तास तिथेच गरवा, पहिल्या रविवारी तुम्हाला मासे लागले तो हाच वेळ. मग एक ते तीन भरतीबरोबर चिखलाच्या उथळ कोपऱ्याकडे सरका. पूर्ण भरती पाचच्या सुमाराला होईल. ऊन पडलेलं असेल तर घरी जाऊ नका. सहानंतर पाणी उतरायला लागलं की कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्या चराच्या तोंडाशी जा, चरात एकदा आणि बाहेर एकदा थर्मामीटर बुडवा, आणि दोन आकड्यांत दीड-दोन अंशांचाही फरक दिसला तर अंधार पडेपर्यंत तिथून हलू नका.