टेप थांबते तिथे

अनेक आशीर्वाद.

समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. वर्ग सुरू होण्याआधी काय वाचू, असं तू विचारलंस. वाचनाची यादी तिथे मिळेलच. मला मात्र तुझ्या पत्रातल्या दुसऱ्याच वाक्यावर बोलायचंय. ‘लोक माझ्याकडे मन मोकळं करतात, म्हणून मी हे क्षेत्र निवडलं.’ हा गुण मोठाच आहे. पण जवळच्या माणसाचं ऐकणं वेगळं आणि समुपदेशकाचं ऐकणं वेगळं. तो फरक मला व्याख्यानांतून कळला नाही, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकताना कळला.

प्रॅक्टिकममधलं, म्हणजे देखरेखीखाली खऱ्या क्लायंटना भेटण्याच्या सरावातलं, माझं तिसरं सेशन. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. क्लायंटची आई नुकतीच गेली होती. ती म्हणाली, “संध्याकाळी घरी गेलं की आता ‘आलीस का?’ असं कुणी विचारत नाही.” मी लगेच म्हणाले, “हळूहळू सवय होईल.” उरलेला वेळ ती ऑफिसातल्या रजेबद्दल बोलत राहिली. सेशन छान झालं, असं मला वाटलं होतं. नोंदीतही मी तसंच लिहिलं.

माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या सुपरव्हायजरांनी सेशनची टेप तिथेच थांबवली. मागे नेली, पुन्हा लावली. मग शांतपणे विचारलं, “या उत्तराने कुणाला बरं वाटलं?”

मला. माझी आई तेव्हा आजारी होती, आणि क्लायंटचं ते वाक्य मला सोसवलं नव्हतं. त्यांनी माझ्या आईबद्दल आणखी काही विचारलं नाही. त्यासाठी स्वतः समुपदेशकाकडे जा, एवढंच म्हणाल्या. सुपरव्हिजन म्हणजे शिकणाऱ्यावरचे उपचार नव्हेत, ही मर्यादा त्यांनी पाळली याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. पुढच्या सेशनला मी क्लायंटला म्हणाले, “मागच्या वेळी मी घाई केली. ‘आलीस का’बद्दल आणखी सांगाल?” ती काहीच बोलली नाही. बऱ्याच वेळाने, दुसरंच काही बोलता बोलता, स्वतःहून तिथे आली.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली एका केसच्या सगळ्या बैठका रेकॉर्डिंगवरून शब्दशः उतरवून छापल्या. तोवर शिकवणाऱ्यांना बहुतेक करून समुपदेशकाच्या आठवणीवरच विसंबावं लागे, आणि आठवण आपलीच बाजू घेते. म्हणून व्हर्बेटिम, म्हणजे सेशनमधलं शब्दशः संभाषण, लिहिताना स्वतःची वाक्यं सुधारून लिहू नकोस. अडखळणं, ‘हं’, मधली शांतता, सगळं जसंच्या तसं येऊ दे.

तासांच्या हिशेबाचं दडपण येईल. अमेरिकेत अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांत प्रॅक्टिकमचे किमान १०० तास आहेत, त्यांतले ४० प्रत्यक्ष क्लायंटबरोबर; पुढे इंटर्नशिपचे ६००, त्यांतले २४० प्रत्यक्ष. तुझ्याकडचे आकडे वेगळे असतील, पण फॉर्म भरण्याची धांदल तीच. त्यात सुपरव्हिजनचा आठवड्यातला तास वाया जाऊ देऊ नकोस. तिथे नेताना सेशनमधली सगळ्यात वाईट दहा मिनिटं ने. चांगली दहा मिनिटं दाखवून शाबासकी मिळते, शिकायला फारसं मिळत नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये क्लायंटबरोबरच्या नात्याचे तीन धागे सांगितले: ध्येयावर एकमत, ते गाठण्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपुलकी. आपल्यासारख्या लोकांना आपुलकी सहज जमते, म्हणून पहिल्या दोन्हींकडे दुर्लक्ष होतं. चार सेशन झाली तरी माणूस कशासाठी आलाय हे सांगता येत नसेल, तर त्यालाच विचार. त्यात कमीपणा नाही.

आणि गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत, त्याने काही सांगायच्या आधी सांग. जिवाला धोका असेल तेव्हा काय करावं लागेल, हे त्याला आधी माहीत असायला हवं. सगळं ऐकून घेतल्यावर ‘हे मला कळवावं लागेल’ म्हणणं म्हणजे विश्वासघातच वाटतो.

पहिलं रेकॉर्डिंग लेखी संमती घेऊनच कर. ते मला पाठवू नकोस. ते तुझ्या आणि सुपरव्हायजरच्या बाहेर जाता कामा नये. ऐकताना किती वेळा थांबावं लागलं, एवढंच मला कळव.

तुझी
मावशी