सगळं येत होतं, तरी पेपर सुटला

"मॅडम, घरी विचारलं की धडाधडा सांगते. पेपरात काय होतं कोण जाणे!" दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गुण हातात पडले की अशी काळजी घेऊन पालक येतात. या मुलीला भूगोलात ४० पैकी १९ गुण होते. मुलीची स्मरणशक्तीच कमी, असं आईनं ठरवून टाकलं होतं. बदामापासून सारस्वतारिष्टापर्यंत सगळं देऊन झालं होतं.

मी तपासलेल्या उत्तरपत्रिका मागवल्या. गुणपत्रकावरून मला फारसं काही कळत नाही.

भूगोलात तीन गुणांचा प्रश्न होता, 'ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षाव होत नाही', भौगोलिक कारण लिहा. देशाचा बहुतेक भाग उष्ण कटिबंधात येतो आणि हिम पडावं इतकी उंची तिथे नाही, एवढं पुरे होतं. हिनं ॲमेझॉनच्या खोऱ्यापासून सुरुवात करून दीड पान भरलं होतं. दोन तासांचा पेपर, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. शेवटचे आठ गुणांचे सविस्तर प्रश्न कोरेच राहिले. विज्ञानात 'ग्रह का लुकलुकत नाहीत' असं विचारलं होतं. हिनं अपवर्तनाची व्याख्या, आकृती, तारे का लुकलुकतात हे सगळं सुबक लिहिलं, पण ग्रहांबद्दल एक ओळ नाही. इतिहासाच्या टिपांनाही तीच पानंच्या पानं.

"इतकं का लिहितेस गं?"

"थोडंच लिहिलं तर बाईंना वाटेल, मला एवढंच येतं."

खरी भीती ही होती. 'किती पुरवण्या लावल्या?' हा प्रश्न आपण मोठेच कौतुकानं विचारतो, त्याचंही हे फळ असावं.

मग अभ्यास बाजूला ठेवून आम्ही फक्त प्रश्न वाचले. कारण विचारलंय, फरक विचारलाय की टीप मागितलीय, ते पेन्सिलनं अधोरेखित करायचं. समोर गुण किती ते पाहायचं. उत्तर आधी मला तोंडी, दोन वाक्यांत सांगायचं. पहिले काही दिवस तिला हे फार जड गेलं. दोन वाक्यं झाली की "अजून सांगू?" म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी मान हलवून नाही म्हणायचे. ती गप्प बसायची, पण पाय हलत राहायचा.

आईला एकच काम दिलं. पेपरहून आली की 'किती लिहिलंस?' विचारायचं नाही, 'काय काय विचारलं होतं?' एवढंच विचारायचं. त्यांना ते मुलीपेक्षा अवघड गेलं.

पुढच्या सराव परीक्षेत भूगोलाचा पेपर वेळेत पूर्ण झाला. गुण २८. इतिहासात अजून पाल्हाळ आहे, त्यावर काम चालू आहे. भूमितीचं दुखणं मात्र वेगळं निघालं. तिथे ती पायऱ्या गाळते, सिद्धतेतली कारणं लिहीतच नाही. त्यासाठी तिला गणिताच्या सरांकडेच पाठवलं.