आठ प्रोसेस लावूनही लिस्टचं काम हळू का होतं?

तुमच्या दोन अडचणी आहेत. दहा लाख आकड्यांचे वर्ग काढायला पायथनच्या प्रोसेसपूलएक्झिक्युटरचा (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारं साधन) मॅप, जो लिस्टमधल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवतो, आठ प्रोसेसवर चालवला, तर साध्या लूपपेक्षा जास्त वेळ लागला. आणि फंक्शनच्या आतून ज्या ग्लोबल लिस्टमध्ये अपेंड करत होतात, ती शेवटी रिकामीच निघाली.

रिकाम्या लिस्टपासून सुरू करतो, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी असते. तुमचं अपेंड झालं, पण ते चाइल्ड प्रोसेसमधल्या (तुमच्या प्रोग्रामने कामाला लावलेल्या वेगळ्या प्रोसेसमधल्या) प्रतीवर, आणि प्रोसेस संपल्यावर ती प्रतही गेली. म्हणून फंक्शनने उत्तर रिटर्न करावं आणि मॅपकडून ते गोळा करावं. मॅप मूळ लिस्टच्याच क्रमाने उत्तरं देतो.

आता वेग. मेमरी वेगळी, म्हणून प्रत्येक आकडा पिकल होऊन, म्हणजे बाइट्समध्ये बांधला जाऊन, पाइपमधून पलीकडे जातो, तिथे उघडला जातो, आणि उत्तरही तसंच परत येतं. एका गुणाकारापेक्षा ही ने-आण कितीतरी महाग पडते. त्यात इथे चंकसाइझ, म्हणजे एका फेरीत पाठवायच्या घटकांची संख्या, मुळात 1 असतो, म्हणजे तुम्ही दहा लाख फेऱ्या मारल्यात! तो 10,000 केलात तर फेऱ्या 100 वर येतील. पायथनच्याच मल्टीप्रोसेसिंग मॉड्यूलमधल्या पूलचा मॅप असे गठ्ठे स्वतःच करतो: प्रोसेसमागे साधारण चार गठ्ठे, म्हणजे तुमच्याकडे 31,250 चे 32. (पूलच्या इमॅपला, म्हणजे उत्तरं एकेक करून देणाऱ्या मॅपला, मात्र पुन्हा 1 च.)

तरीही वर्ग काढायला साधं लिस्ट कॉम्प्रिहेन्शनच वापरा. फेऱ्या कमी झाल्या तरी डेटा तेवढाच वाहून न्यावा लागतो. आधी हजार घटक साध्या लूपमध्ये चालवून वेळ मोजा. एका घटकाला निदान काही मिलिसेकंद लागत असतील, जसं फोटो लहान करणं किंवा मोठी फाइल पार्स करणं, तरच वेगळ्या प्रोसेसचा खटाटोप करा, हा माझा ठोकताळा. वेळ नेटवर्कची वाट पाहण्यात जात असेल तर थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये एकाच मेमरीवर चालणाऱ्या कामाच्या वाटा, पुरतात.

मॅपला लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) देऊ नका, ते पिकल होत नाही. सगळ्यांना लागणारी मोठी डिक्शनरी घटकागणिक पाठवू नका, इनिशियलायझरमधून, म्हणजे प्रोसेस सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमधून, प्रत्येक प्रोसेसला एकदाच द्या.

आणि घटक कमी-जास्त जड असतील तर मोठा चंक अंगाशी येतो: सगळ्या जड फाइल्स एकाच गठ्ठ्यात पडतात, एक प्रोसेस राबत राहते आणि सात रिकाम्या बसतात. अशा वेळी चंक लहान ठेवा आणि जड फाइल्स लिस्टमध्ये आधी लावा.