आईवडिलांना कळेल असा रिपोर्ट

प्रश्न : बालमार्गदर्शन केंद्रात मी नुकतीच रिपोर्ट लिहू लागले आहे. नऊ वर्षांच्या एका मुलाचा बुद्ध्यांक ९०, पर्सेंटाइल २५ असं लिहिलं. ‘शंभरात पंचवीसच?’ म्हणून आई रडू लागली, पुढचं काही ऐकलंच नाही. कसं लिहायला हवं होतं?
— समुपदेशक, सांगली

उत्तर : पर्सेंटाइलचा अर्थ त्याच वाक्यात द्या : ‘या वयाची १०० मुलं गुणांच्या क्रमाने उभी केली, तर साधारण २५ याच्या मागे असतील.’ गुणपत्रिका आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की सुटा आकडा पालक मार्क म्हणूनच वाचतात. ९० ते १०९ हा सरासरीचा पट्टा, हेही तिथेच लिहा. शिवाय चाचणीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापनत्रुटीवरून, म्हणजे मोजमापात होऊ शकणाऱ्या फरकावरून, बुद्ध्यांकाची ‘अमुक ते तमुक’ अशी मर्यादा द्या, कारण तोच मुलगा दुसऱ्या दिवशी थोडा वरखाली येऊ शकतो.

पण हे ९० आलं कुठून, तेही पाहा. मलिन यांच्या भारतीय मुलांसाठीच्या बुद्धिचाचणीत, म्हणजे ‘मिसिक’मध्ये, शाब्दिक (तोंडी उत्तरांचा) आणि कृती (हाताने करून दाखवायचा) या दोन बुद्ध्यांकांची सरासरी काढतात. शाब्दिक ७९ आणि कृती १०१ असले तरी उत्तर ९०च. अशा वेळी एकूण बुद्ध्यांक पहिल्या पानावर ठळक छापणं मुलावर अन्याय आहे. ठोकळ्यांची नक्षी तो वयाप्रमाणे जुळवतो, शब्दांचे अर्थ सांगताना आणि तोंडी गणितात अडतो, असं लिहा. मग कारण शोधा. चाचणी घरच्या भाषेत झाली का? कानांची तपासणी झाली आहे का? वाचन जमत नसल्याने शब्दसाठा तोकडा राहिला का? हे न तपासता ‘शाब्दिक क्षमता कमी’ लिहिलं, की मराठी घरातून इंग्रजी शाळेत गेलेलं मूल उगाच मंद ठरतं.

‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ ही शिफारस कोणाच्याच कामाची नाही. कोणी, केव्हा, किती, हे लिहा : ‘आईने रोज संध्याकाळी १० मिनिटं एक परिच्छेद आधी स्वतः वाचावा, मग त्याच्याकडून वाचून घ्यावा.’ ‘बाईंनी फळ्यावरचं निम्मंच उतरवायला सांगावं, उरलेलं छापील द्यावं.’ अशा तीन-चार पुरेत. पंधरा लिहिल्या तर एकही होत नाही.

भेटीत रिपोर्ट लगेच हातात देऊ नका. ‘तुम्हाला काय विचारायचंय?’ इथून सुरुवात करा आणि त्याचंच उत्तर आधी द्या.

प्रश्न : शाळा मुलीचा पूर्ण रिपोर्ट मागते आहे. त्यात आमच्या घरातल्या भांडणांचा उल्लेख आहे. द्यावा का?
— पालक, ठाणे

उत्तर : पूर्ण देऊ नका. निदान, वर्गातल्या अडचणी आणि शिफारसी एवढाच दोन पानी सारांश मानसतज्ज्ञांकडून मागून घ्या. शिकवायला तेवढं पुरतं. अध्ययन अक्षमतेसाठी, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीसाठी, दहावीला सवलती हव्या असतील, तर शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत शीव, नायर, केईएम इथे तपासणी होते. तिथे रांग मोठी असते, म्हणून नववीच्या आधीच नाव नोंदवा.