प्रवेश विनामूल्य, मानधनाचे काय?

कोल्हापुरातील सभागृहे, संग्रहालये, कलामहाविद्यालये, वाचनालये आणि तालमी यांनी वर्षातून एका सायंकाळी एकाच वेळी आपली दारे विनामूल्य उघडावीत, अशी सूचना या सदरात मागील अंकात केली होती. तिच्यावर बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या तालीम मंडळाला ही सूचना आवडली, पण काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा गांधी मैदानात एक भव्य मंडप घालून सर्व कलाकारांना तिथेच बोलवावे. असे उपक्रम इतरत्र कसे होतात? (मंगळवार पेठ)

उत्तर : ही पद्धत रुजली ती युरोपात. हेलसिंकी येथे १९८९ पासून कलांची रात्र साजरी होते. कोपनहेगनने १९९३ साली आणि बर्लिनने १९९७ साली तोच मार्ग धरला. मात्र या दोन्ही शहरांत सर्व ठिकाणी चालणारे एक सामाईक तिकीट काढावे लागते. पॅरिसने २००२ साली आणि डब्लिनने २००६ साली सुरू केलेले उपक्रम विनामूल्य आहेत. पॅरिसमधील पहिल्याच रात्री, लोकांसाठी खुल्या केलेल्या नगरभवनात गर्दीत मिसळलेल्या महापौरांवर चाकूहल्ला झाला. जखमी अवस्थेतही त्यांनी कार्यक्रम थांबवू नका असे सांगितले, आणि तो उपक्रम आजतागायत चालू आहे. आपल्याकडे मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून विनामूल्य भरतो. परंतु तो एका परिसरात आणि अनेक दिवस चालणारा असल्यामुळे त्याचा घाट वेगळा आहे.

आपल्या ज्येष्ठांना नम्रपणे सांगावे की, मंडपात कलाकार येतील, पण ज्या वास्तूत ती कला वाढली ती वास्तू मंडपात आणता येणार नाही. आपल्या शहरात अशा वास्तूंची वाण नाही. टाऊन हॉल संग्रहालयाचेच पाहा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तिथे आहे. ती वीतभरही उंच नाही. उजव्या-डाव्या बाजूंच्या मोठ्या पाषाणशिल्पांकडे पाहत जाणारा माणूस तिच्यासमोरून सहज निघून जातो. रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून ही मूर्ती पंचगंगेच्या काठापर्यंत आली, हे कुणी जाणकाराने पाच मिनिटांत सांगितले, तर तोच माणूस काचेला नाक लावून उभा राहील. अशा सायंकाळी संग्रहालयाने वेगळे काही करण्याची गरज नाही. प्रत्येक दालनात बोलणारा एक माणूस उभा करावा, एवढे पुरे.

गायन समाज देवल क्लब ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिथे मैफल तर व्हावीच. पण त्याआधीचा अर्धा तास श्रोत्यांसाठी खुला ठेवावा, असे आम्ही सुचवू. तंबोरा लावताना घोडीवरील तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवला जातो, आणि एका क्षणी कोरडी वाजणारी तार भरून बोलू लागते. ही जवारी लागणे म्हणजे काय, हे वर्षानुवर्षे मैफली ऐकणाऱ्यांपैकीही पुष्कळांनी जवळून पाहिलेले नसते, कारण पडदा उघडतो तेव्हा ते काम संपलेले असते. कलामहाविद्यालयांनी भिंतीवर चित्रे टांगून न थांबता समोर माणूस बसवून व्यक्तिचित्र रंगवून दाखवावे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावातल्या मुलाने रंगाचा पहिला हात कागदावर पडताना एकदा तरी पाहायला हवा.

आणि आपली तालीम? तिला आपण या यादीत धरलेच नाही, याचे नवल वाटले. मर्दानी खेळांचा वारसा पेठांतील तालमींनी जपला, शाहिरीचे फडही तिथेच रंगले. हौद्यातील तांबडी माती, भिंतीवर टेकवलेल्या गदा आणि जुन्या मल्लांच्या तसबिरी पाहण्याची इच्छा अनेक महिलांना आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना असते. पण आत जाण्याचा प्रसंग येत नाही. तेव्हा मंडप घालण्यासाठी गोळा होणारे आपले कार्यकर्ते त्या सायंकाळी वाट दाखवायला, वाहने लावून घ्यायला आणि तालमीच्या दारात स्वागताला उभे करावेत. गणेशोत्सवात एवढ्या गर्दीला वळण लावणाऱ्या मंडळाला हे काम जड नाही.

प्रश्न : मी हार्मोनियमवादक आहे. विनामूल्य कार्यक्रम म्हटला की कलाकारांनीही विनामूल्य यावे, ‘तेवढीच प्रसिद्धी होईल’, असे आम्हाला सांगण्यात येते. आपल्या सूचनेमुळे यात भरच पडणार नाही का? (राजारामपुरी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि मागील अंकात हा मुद्दा स्पष्ट करायला हवा होता असे आणखी काही वाचकांनीही लिहिले आहे. विनामूल्य आहे तो रसिकाचा प्रवेश. कलाकाराचे काम विनामूल्य नाही.

कोल्हापुराला ही गोष्ट नवी वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात अल्लादियाखाँ दरबारगायक होते, म्हणजे त्यांच्या चरितार्थाची तरतूद संस्थानाच्या खजिन्यातून होत होती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवत, तेही मोबदला घेऊनच. ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याला फुकट मिळालेल्या प्रत्येक गोष्टीचे पैसे कुणीतरी मोजलेलेच होते. आज ते कुणी मोजायचे, एवढाच प्रश्न आहे, आणि तो संयोजकांनी पत्रिका छापण्याआधी सोडवला पाहिजे.

अनुभव असा की, मंडपवाल्याला आणि ध्वनिक्षेपकवाल्याला आगाऊ रक्कम मिळते, भोजनाचे पैसे त्याच रात्री चुकते होतात, आणि कलाकाराला शाल-श्रीफळ देऊन ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे सांगण्यात येते. त्यातही मुख्य गायकाला काही तरी मिळते, तबलजी आणि पेटीवाला मात्र वाट पाहत राहतात. म्हणून आमचा आग्रह असा की, प्रत्येक साथीदाराचे मानधन स्वतंत्रपणे, लेखी ठरावे आणि कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावे. पैसे अपुरे असतील तर ठिकाणे कमी करावीत; मानधन कमी करू नये. वीस ठिकाणी फुकट राबणाऱ्या कलाकारांपेक्षा सहा ठिकाणी सन्मानाने बोलावलेले कलाकार बरे.

पैसा उभा करण्याचे मार्ग आहेत. सभागृह, वीज आणि स्वच्छता यांचा भार महानगरपालिकेने व त्या त्या संस्थेने उचलावा; मानधनासाठी पेठेतील व्यापारी आणि शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कारखानदार यांच्याकडे जावे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून पारंपरिक कलांच्या संवर्धनाला मदत देता येते. मात्र एका दिवसाच्या सोहळ्याचे प्रायोजकत्व त्यात सहसा बसत नाही. त्यासाठी वर्षभराचे शिकवणीवर्ग, शिष्यवृत्ती किंवा वाद्यदुरुस्ती अशी योजना मांडावी आणि ही सायंकाळ तिचा एक भाग ठेवावी.

प्रश्न : प्रवेशमूल्य नसल्यास नाट्यगीते सादर करण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, असे ऐकले. ते खरे का? ध्वनिक्षेपकाचे नियम काय आहेत? (शाहूपुरी)

उत्तर : पहिले विधान अर्धेच खरे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांपुढे साहित्य, नाट्य किंवा संगीतकृती सादर केल्यास तो हक्कभंग ठरत नाही. ‘हौशी’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. आधीच्या उत्तरात आम्ही मानधनाचा आग्रह धरला आहे, आणि मानधन घेणाऱ्या व्यावसायिक संचाला ही सवलत गृहीत धरता येणार नाही. त्यांनी हक्कदारांची अनुमती घ्यावी.

तथापि जुन्या नाट्यसंगीताच्या बाबतीत अडचण फारशी येणार नाही. आपल्याकडे लेखक-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याची कृती सर्वांसाठी खुली होते. नाटककार किर्लोस्कर १८८५ साली, देवल १९१६ साली आणि खाडिलकर १९४८ साली निवर्तले. आपल्याच परिसरातील गोविंदराव टेंबे यांचे निधन १९५५ सालचे. त्यांची पदे आणि चाली आता निर्वेध गाता येतात. संगीतकार मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले, म्हणून त्यांच्या चालींवरील हक्क अद्याप शाबूत आहेत. एखाद्या पदाचा कवी एक आणि संगीतकार दुसरा असेल, तर दोघांचीही साले पाहावीत. ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असल्यास मुद्रणाचे हक्क निराळे असतात. नवे नाटक किंवा प्रवेश करणार असाल, तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आधी घ्यावे. हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी लागते, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर तो वाजवता येत नाही. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस राज्य शासन ही मर्यादा १२ पर्यंत वाढवू शकते. पण ते दिवस बहुधा सणांसाठीच खर्ची पडतात, तेव्हा त्यांवर विसंबू नये. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ५० डेसिबल आहे. टाऊन हॉलच्या समोरच सीपीआर रुग्णालय आहे, हे विसरून कुणी त्या बागेत ढोलताशा ठेवू नये. तिथे चित्रे, शिल्पे आणि हलक्या आवाजातील माहितीकथनच शोभेल.

प्रश्न : फुकट मिळाले की लोकांना किंमत राहत नाही. निदान वीस-पंचवीस रुपये तरी ठेवावेत, असे वाटते. (नागाळा पार्क)

उत्तर : आम्हाला तसे वाटत नाही. तिकीट काढलेला माणूस पैसे वसूल करण्यासाठी शेवटपर्यंत बसतो. विनामूल्य आलेला माणूस दहा मिनिटे ख्याल ऐकून, रुचला नाही तर बिनदिक्कत उठून चित्रे पाहायला जाऊ शकतो. आजवर ज्याने कधी शास्त्रीय गाणे ऐकलेच नाही, त्याला हीच मोकळीक आत आणते. शिवाय पाच जणांचे कुटुंब सहा ठिकाणी फिरणार असेल, तर आपले पंचवीस रुपये साडेसातशे होतात.

किंमत राहत नाही ती वेगळ्या कारणाने. पहिल्या तीन रांगांत सोफे मांडायचे, ते प्रमुख पाहुण्यांसाठी राखून ठेवायचे, पाहुणे तासभर उशिरा यायचे, मग दीपप्रज्वलन, हारतुरे आणि प्रास्ताविक, आणि ज्यासाठी लोक आले ते गाणे उरलेल्या वेळेत उरकायचे, हा क्रम आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. या सायंकाळी कोणत्याही ठिकाणी उद्घाटन, सत्कार आणि भाषण नसावे. खुर्च्या आधी येईल त्याच्या. आसने मर्यादित असतील तिथे दारातच क्रमांकाची चिठ्ठी द्यावी आणि ती संपली की पुढच्या प्रयोगाची वेळ सांगावी. प्रवेशिका आधी वाटल्या, तर त्या कुठे जातात ते आपण जाणताच.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. एका सायंकाळी एवढी ठिकाणे पाहणे कसे जमावे? गर्दीचीही भीती वाटते. (शिवाजी पेठ)

उत्तर : सर्व काही पाहण्याचा हट्ट कुणीच धरू नये. भवानी मंडप, खासबाग आणि देवल क्लब हा एक टापू धरला, तर तो पायी होतो. टाऊन हॉल आणि दसरा चौकातील शाहू स्मारक भवन हा दुसरा. राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय थोडे लांब असल्यामुळे तिथे रिक्षाने जावे. अभिनेते म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रे मात्र सवडीने पाहण्यासारखी आहेत. केएमटीने, म्हणजे महापालिकेच्या बससेवेने, या टापूंना जोडणाऱ्या फेऱ्या सोडल्यास आपल्यासारख्या पुष्कळांची सोय होईल.

गर्दीविषयीची आपली भीती अनाठायी नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. शाहू महाराजांनी १९१५ साली पूर्ण केलेले ते पॅलेस थिएटर. त्या वेळी आत प्रेक्षक नव्हते, हे आपले सुदैव. म्हणून प्रत्येक ठिकाणी क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये, आणि गर्दी आवरण्यासाठी मागचे दार कुलूपबंद करण्याची सवय सोडावी. बाहेर पडण्याच्या प्रत्येक दाराशी एक कार्यकर्ता हवा, त्याला अग्निशामक नळकांडे चालवता यायला हवे. याची तपासणी अग्निशमन दलाकडून आधीच करून घ्यावी.

प्रश्न : कोणता दिवस योग्य ठरेल? २६ जूनची शाहू जयंती कशी वाटते? (कसबा बावडा)

उत्तर : औचित्य उत्तम, पण पाऊस आडवा येईल. चालत फिरण्याचा बेत आपल्याकडे जून ते सप्टेंबर आखता येत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीमुळे भवानी मंडपाचा परिसर मोकळा मिळणार नाही, आणि नोव्हेंबरचा दुसरा आठवडा व जानेवारीअखेर या काळात किरणोत्सवामुळे सूर्यास्ताच्या वेळी तिथे पुन्हा तीच स्थिती असते. फेब्रुवारीत परीक्षा. उरतो तो डिसेंबर. त्यातला शनिवार घ्यावा, साडेपाचला सुरुवात करावी आणि दहाच्या आत आटोपावे. लग्नसराईमुळे साथीदार आणि ध्वनिक्षेपकवाले तेव्हा मिळणे कठीण असते, म्हणून त्यांना दिवाळीपूर्वीच सांगून ठेवावे.