हल्लेखोर सापडला नाही, तरी सरकारकडून भरपाई मिळते का?

आपल्या मावशींवर अनोळखी माणसाने अॅसिड फेकले, तो अद्याप सापडलेला नाही आणि खटला उभा राहिल्याशिवाय काही मिळणार नाही असे आपल्याला सांगण्यात आले, असे आपण लिहिले आहे. सांगणाऱ्याचे चुकले आहे. विधी सेवेच्या कामात स्वयंसेवक असताना हा गैरसमज मी अनेकदा ऐकला.

ही भरपाई आरोपीच्या खिशातून नव्हे, तर शासनाच्या निधीतून दिली जाते. तिचा आधार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३५७-अ हा होता; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ३९६ आहे. आरोपीचा माग लागला नाही आणि खटलाच चालला नाही, तरी पीडित व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्ह्यातील शासकीय संस्थेकडे) अर्ज करू शकतात, अशी स्पष्ट तरतूद त्यात आहे आणि चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. अॅसिड हल्ला आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या, महाराष्ट्रात २०१३ पासून असलेल्या मनोधैर्य योजनेचे कामही याच प्राधिकरणाकडे आहे.

अॅसिड हल्ल्यात किमान तीन लाख रुपये द्यावेत आणि त्यांतील एक लाख पंधरा दिवसांत मिळावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने महिलांसाठी २०१८ साली आखलेल्या योजनेत चेहरा विद्रूप झाल्यास सात ते आठ लाखांची तरतूद आहे. मात्र त्या योजनेप्रमाणे रकमेचा ७५ टक्के भाग किमान तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत जातो, आणि शस्त्रक्रियांपायी कर्ज झालेल्या घराला हे ऐनवेळी कळले की फार त्रास होतो. उपचार किंवा शिक्षणासाठी त्यातून आधी पैसे काढण्याची परवानगी मागता येते. ती जरूर मागावी.

अॅसिड हल्ल्यातील उपचार खासगी रुग्णालयानेही विनामूल्य करावेत असा कायदाच असल्याने, तिथे आगाऊ रक्कम मागितली तर द्यायला नकार द्यावा.

अर्जासोबत एफआयआरची प्रत व वैद्यकीय अहवाल जोडावेत, आणि अंतरिम मदतीची, म्हणजे अंतिम निर्णयाआधी मिळणाऱ्या तातडीच्या मदतीची, मागणी त्याच अर्जात लिहावी. २०१८ च्या योजनेत अर्जाची मुदत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षे आहे. उशीर झाला असल्यास त्याचे कारण लेखी द्यावे, ते सबळ वाटल्यास विलंब माफ होऊ शकतो.