कौतुक रिव्ह्यूत, गोष्ट कीवर्डात

प्रश्न : ताई, आयएमडीबी या ऑनलाइन फिल्म डेटाबेसवर मी आपल्या 'श्वास'ला भरपूर कीवर्ड, म्हणजे सिनेमा शोधायला लावतात ते छोटे शब्द, टाकले, मराठी सिनेमा, ऑस्कर, अरुण नलावडे, ड्रामा, अप्रतिम अभिनय, मस्ट वॉच असे. काही दिवसांत जवळपास सगळे उडवले हो! चांगल्या सिनेमाबद्दल लोकांना सांगायचंच नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सांगायचं की, पण जागा चुकली. नलावडे कास्टमध्ये आहेतच, ड्रामा जॉनरमध्ये, मराठी भाषेच्या रकान्यात, २००४ साली भारताकडून ऑस्करला गेला होता ते ट्रिव्हियात, म्हणजे किरकोळ रंजक माहितीच्या रकान्यात, चालेल, आणि मस्ट वॉच हे तुमचं मत झालं, ते रिव्ह्यूत लिहा आणि दहापैकी दहा द्या, कोण अडवतंय.

कीवर्डात फक्त गोष्टीत काय आहे ते टाकायचं. समजा कुणाला नाव आठवत नाहीये, फक्त 'अरे तो नाही का, नातवाच्या डोळ्याला कॅन्सर असतो आणि आजोबा त्याला घेऊन शहरात येतात' एवढंच आठवतंय, तर तो माणूस सर्चमध्ये काय टाईप करेल? ग्रँडफादर ग्रँडसन रिलेशनशिप, आय कॅन्सर, सर्जरी, ब्लाइंडनेस, सोशल वर्कर. बास, एवढ्यावर सापडला पाहिजे. ऑपरेशनच्या आधी आजोबा पोराला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर नेतात, दिसतंय तोवर सगळं दाखवून घ्यायला, तो तर सिनेमाचा जीव आहे, पण म्हणून ते अख्खं वाक्य कीवर्ड म्हणून कोंबू नका, दोन-तीन शब्दांत बसेल तेवढंच. आणि उलटंही नको, हॉस्पिटल आहे म्हणून बेड, स्ट्रेचर, सलाईन, नर्सची टोपी... काही जण फ्रेममधलं सामान मोजत बसतात, खरंच!

अजून एक, मनाने नवीन शब्द बनवायच्या आधी दोन-चार अक्षरं टाईप करा, खाली लिस्ट येते, त्यातलाच उचला. तुम्ही रोमनमध्ये 'आजोबा नातू' लिहिलंत तर त्या लिंकवर जगात एकटा 'श्वास' दिसणार, मग कीवर्डचा उपयोग काय? त्यातून दुसरे आजोबा-नातवाचे सिनेमे सापडायला हवेत. इंग्रजीतच टाकावं लागतं हे मलाही खटकतं, पण सध्या तसंच आहे.

प्रश्न : सिनेमा कादंबरीवरून असेल तर ते टाकावं का? आणि सिनेमात कुणाचा नुसता उल्लेख असेल तर? शेवट कळेल असे कीवर्ड चालतात का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कादंबरीचं जरूर टाका. 'नटरंग' आनंद यादवांच्या कादंबरीवरून आहे, तिथे बेस्ड ऑन नॉव्हेल हवंच. उल्लेखाचं म्हणाल तर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त फाळके सिनेमा बनवतायत हीच गोष्ट आहे म्हणून फिल्ममेकिंग, सायलेंट फिल्म बरोबर, पण दुसऱ्या कुठल्या सिनेमात कुणी बोलता बोलता फाळक्यांचं नाव घेतलं तर आयएमडीबीवर 'रेफरन्स टू' लावून नाव टाकायची पद्धत आहे.

शेवटाबद्दल मी जरा कडकच आहे. मर्डर टाका, डिटेक्टिव्ह टाका, खुनी नवराच निघतो हे नको, कारण तिथे स्टोरीलाइनच्या खालीच काही कीवर्ड दिसतात आणि बिचारा तिकीट काढायला निघालेला माणूस तेच आधी वाचतो.